डोळे मिटून मारलेली फुंकर

परवा राजापेठेत कुणी ग्रॅनाइट कापत होतं. त्या भुकटीच्या वासाने मला अकोल्याचा दवाखाना आठवला.

बाबा जन्मभर गावोगाव पाटे-जात्यांना टाकी लावायचे आणि वर साचलेली भुकटी तोंडाने फुंकायचे. आमवाताने सुजलेली बोटं दाखवायला आम्ही गेलो, तर डॉक्टरांनी छातीचाही फोटो काढला. फुफ्फुसांत गाठी निघाल्या. दगडाची धूळ आणि आमवात एकत्र आले की अशा होतात, म्हणाले. मग दम तपासायला हातात नळी दिली.

"जोरात फुंका."

बाबांनी आधी डोळे घट्ट मिटले, मग फुंकलं.

"डोये कावून मिटले, बाबा?" मी विचारलं.

"भुकटी जाते ना डोयात. डोये सांभाळा लागते बापा."

पुढे त्यांना ऑक्सिजन लागला. चष्मा शेवटपर्यंत लागला नाही.