कणीकवाले काका

काकांशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मला आठवत नाही. अमरावतीच्या राजापेठेत माझं टायर आणि चाकांचं दुकान आहे. मालक मी, पण 'नाही' म्हणायचा अधिकार चाकं बसवणाऱ्या काकांचा, आणि तो ते सढळ हाताने वापरत.

डब्यात पोळ्यांसोबत ते रोज लिंबाएवढा कणकेचा गोळा आणत, म्हणून गिऱ्हाइकं त्यांना कणीकवाले काका म्हणत. कंपनीची चाकं काढून बाहेरची अलॉय चाकं बसवायची तर आत ब्रेकचा कॅलिपर असतो, म्हणजे ब्रेकच्या चकतीला दोन्ही बाजूंनी धरणारा धातूचा ठोकळा. चाक आतून त्याला घासता कामा नये. काका त्यावर कणीक थापत, चाक चढवून नट आवळत, हाताने एक फेरा देत आणि चाक उतरवून दबलेली कणीक बघत. पाच रुपयांच्या जुन्या जाड नाण्याएवढी उरली तर ठीक, नाहीतर चाक परत खोक्यात. "डोया खोटं बोलते भाऊ, कनीक नाई बोलत," असं त्यांचं ठरलेलं उत्तर.

एकदा एक साहेब मोबाईलवर माप दाखवून हुज्जत घालू लागले. नटांची भोकं जुळतात, आकार जुळतो, मग अडचण काय? काका म्हणाले, "भोकं जुयले म्हनजे पत्रिका जुयली. संसार अजून बाकी हाय." साहेब रागावून निघून गेले. आठवड्याने दुसरी चाकं घेऊन परत आले आणि काका कणीक बघेपर्यंत बाकावर बसून राहिले.

मला मात्र या हट्टाचा अभिमानही वाटे आणि जाचही होई. दर्यापूरचा माझा मेहुणा नवीकोरी चाकं घेऊन आला, त्या दिवशी जाच वरचढ ठरला. काकांनी पुढचं चाक लावून उतरवलं. कणीक पापडासारखी पातळ झाली होती. चाक हाताने मोकळं फिरतं आहे, हे मी त्यांना फिरवून दाखवलं.

"दुकानात फिरते. खड्ड्यात दबलं का घासते. मी नाई बसवत," काका म्हणाले.

मेहुणा हसला. भाऊजी, दुकान तुमचं आहे की यांचं, असं त्याने गिऱ्हाइकांसमोर विचारलं. माझं डोकं फिरलं. बसवायचं नसेल तर घरी जा, असं मी काकांना म्हणालो. बापाच्या वयाच्या माणसाला म्हणालो. त्यांनी हात पुसले, डबा उचलला आणि गेले. ती चाकं मी माझ्या हातांनी बसवली.

दर्यापूरच्या रस्त्यावर एका वळणाला चाक कॅलिपरवर घासलं आणि फुटलं. गाडी सोयाबीनच्या वावरात शिरली. आत मेहुणा, त्याची बायको आणि चार वर्षांची माझी भाची होती. तिघंही वाचली. भाचीच्या कपाळावर चार टाके पडले. त्या टाक्यांचा धनी मी आहे, हे मी कुणापासून लपवत नाही.

काका अकोल्याला जठारपेठेत लेकीकडे राहायला गेले होते. मी तिथे गेलो, सगळं सांगितलं, पाया पडलो आणि परत चला म्हणालो. त्यांनी आधी विचारलं, पोरगी गाडीत कुठे बसली होती? पुढे, आईच्या मांडीवर, मी म्हणालो. मग त्यांनी लेकीला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं.

"मी येनार नाई," ते म्हणाले. "तुमच्यावर राग हाय म्हनून नाई. तुमी घरी जा म्हनलं, अन् मी गेलो. तिथंच मायं चुकलं भाऊ. मी गाडीसमोर आडवं पडाले पायजे होतं."

मी माफी मागायला गेलो होतो. माझी चूक त्यांनीच स्वतःवर घेतली, आणि ती मागायला तोंडच उरलं नाही.