पांढरीतला उंदीर

माती कधी खोटं बोलत नाही. हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा टाइप केलं, तितक्या वेळा स्वतःचं नावही केलं नसेल. आमचे साहेब प्रत्येक अहवालाची सुरुवात त्यानंच करत. पुढं अहवालभर मातीच्या वतीनं साहेबच बोलत.

निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन होऊन दहाएक वर्षं झाली होती. मी शहरातल्या छावणीत राहणारा, अक्षर बरं असलेला आणि रंगीत पेन्सिली हाताळू शकणारा कारकून. एवढ्या भांडवलावर मला उत्खननाच्या कामावर घेतलं. देवगाव रंगारीच्या पुढं एका लहान गावाला लागून पांढरीचं टेकाड होतं. पांढरी म्हणजे जिथं जुनी वस्ती नांदली, उठली आणि मातीला मिळाली, ती पांढुरकी जमीन. साहेबांनी टेकाडाच्या पायथ्याशी एक उंचवटा हेरला आणि तिथं खड्डा घेतला. खड्ड्याच्या भिंतीत दिसणारे मातीचे थर कागदावर काढून रंगवणं हे माझं काम. वरचा थर नवा, खालचा जुना, हा या शास्त्राचा पाया.

पहिल्याच आठवड्यात काळी-तांबडी खापरं निघाली, शंखाच्या बांगडीचे तुकडे निघाले, मणी निघाले. साहेब म्हणाले, सातवाहन काळ. सोमवारी त्या जागी वस्ती होती, बुधवारी तिचं गाव झालं आणि शनिवारी जेवणं झाल्यावर मी साहेबांच्या सांगण्यावरून ‘वैभवशाली व्यापारी नगर’ असं टाइप केलं. इतक्या वेगानं वाढलेलं दुसरं शहर मराठवाड्यात माझ्या माहितीत नाही.

खोदकामावर गावातल्या बायका पाट्या उचलायला होत्या. त्यांत पन्नाशीच्या एक बाई होत्या, त्यांना सगळे मावशी म्हणत. त्या रोज सकाळी साहेबांकडं एकच मागणी घेऊन येत. त्यांच्या घराला माळवद होतं, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छप्पर. गावात सगळ्यांचीच घरं तशी. माळवदावर पांढरीची माती लागते; ती पाणी मुरू देत नाही. पण पुरातत्त्व खात्यानं टेकाडाभोवती तार ओढून, इथली माती नेणं गुन्हा असल्याचा फलक लावला होता. वैशाख संपत आला होता आणि मावशींचं छप्पर उघडंच होतं.

साहेबांनी त्यांना समजावलं की ही माती आता राष्ट्राची आहे.

“व्हय सायब,” मावशी म्हणाल्या, “पर गळतंय माझ्या चुलीवर.”

राष्ट्रानं तारेवरच्या फलकाकडं बोट दाखवलं. मावशींनी मातीची पाटी उचलली.

मग सात-आठ फुटांवर, सातवाहनांच्या बऱ्याच खाली, निजामाचा एक तांब्याचा पैसा सापडला. साहेब जराही डगमगले नाहीत. उंदराच्या बिळातून तो वरून खाली घसरला, असं त्यांनी मला टिपून घ्यायला लावलं. असं होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी त्याच थरात कंदिलाच्या काचेचा तुकडा निघाला. उंदीर कायम राहिला. तिसऱ्या दिवशी बैलाचा अख्खा नाल निघाला, तेव्हा साहेबांनी थोडा विचार करून उंदराच्या जागी घूस लिहायला सांगितली.

मी खोडत होतो, तेवढ्यात मावशींनी पाटी खाली ठेवली.

“घूस कशाला, सायब? आमचे मामंजी व्हते.”

साहेबांनी चष्मा काढला. मावशी खड्ड्याच्या काठावर बसल्या आणि त्यांनी सगळं शांतपणे सांगितलं. तीन-चार वर्षांनी माळवदावरच्या मातीत खडे, काडीकचरा मिसळतो आणि ती गळू लागते. मग ती खरवडून काढायची, इथं आणून टाकायची आणि टेकाडावरून नवी न्यायची. आज्यापणज्यापासून सगळं गाव हेच करत आलेलं. हा उंचवटा म्हणजे गावाच्या उतरलेल्या छपरांचा ढीग. माती जुनीच, खापरंही त्या काळातलीच. फक्त ती दोन हजार वर्षं टेकाडात आणि चार वर्षं कुणाच्या तरी डोक्यावर राहून आली होती. पैसाही मामंजींचाच असणार, कारण त्यांच्या बंडीचा खिसा फाटका होता.

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. साहेब पुण्याचे, मी छावणीतला. तंबूत जेवढे शिकलेले होते, तेवढ्या सगळ्यांच्या घरांवर कौलं होती.

“आधी का नाही सांगितलंत, बाई?” साहेबांनी विचारलं.

“तुमी इचारलं नाय. मला वाटलं, कचरा बघायचीच नोकरी असंल तुमची.” मग त्या कामाचं बोलल्या. “आता ही राष्ट्राची न्हाय ना? मग नेऊ का?”

पेच साधा होता. माती सातवाहनांची ठरली तर मावशींची चूल भिजणार. मामंजींची ठरली तर साहेबांचं नगर बुडणार. आणि सोमवारी नगर पाहायला मंत्री येणार होते. मांडव पडला होता, लासूर स्टेशनवरून हार मागवले होते.  साहेब मावशींना म्हणाले, सोमवारपर्यंत थांबा.

सोमवारी मंत्री आले. त्यांनी खड्ड्यात वाकून पाहिलं आणि आपल्या पूर्वजांची प्रगती पाहून ऊर भरून येतो असं सांगितलं. मावशी पहिल्या ओळीत होत्या. पूर्वजांचा उल्लेख झाला तेव्हा त्यांनी पदर नीट केला. मला ते गैर वाटलं नाही. त्या ओळीत, तिथं पूर्वज असलेलं माणूस त्या एकट्याच होत्या.

मोटारी गेल्यावर साहेबांनी मला दोन कागद टाइप करायला सांगितले. पहिला वरच्या कार्यालयाला: खड्डा क्रमांक एकमध्ये सातवाहनकालीन नगराचे निर्विवाद पुरावे मिळाले आहेत. दुसरा तारेपाशी बसणाऱ्या पहारेकऱ्याला: खड्डा क्रमांक एकमधली माती पुरातत्त्वाच्या दृष्टीनं निरुपयोगी असून ती नेण्यास हरकत नाही. दोन्हींवर साहेबांनी सारखीच, टोकदार सही केली. मी दुसरा कागद आधी पोचवला.

मावशींनी दोन बैलगाड्या माती नेली. त्यानंतर मी बऱ्याचदा त्या गावी गेलो आणि दर वेळी छपराची चौकशी केली. पाच पावसाळे ते गळलं नाही. गावात एवढं टिकलेलं माळवद दुसरं नव्हतं. बारीकसारीक मणी सुटू नयेत म्हणून ती माती आम्ही दोनदा चाळली होती.