न विचारता चालणारं मशीन

संगमनेरच्या दूध संघात सत्यशीला रोहमला सगळे ‘कॉम्प्युटरवाल्या बाई’ म्हणत. त्यात कौतुक थोडं आणि वैताग जास्त. कारण बाईंना विचारायची भारी सवय! बॅकअपसाठी वेगळी डिस्क मागायला ती दरवर्षी जायची आणि संचालक हनुमंतराव दरवर्षी म्हणायचे, "जुनं चालतंय ना? मग कशाला नाट लावता?" त्यांच्या सत्काराचा मांडव घालताना मात्र कुणी कशाला नाट लावलं नाही.

संघाच्या जुन्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या. एकीवर मशीन चालवणारी सिस्टीम आणि दुसरीवर तालुक्यातल्या गाईंची सगळी कुळकथा. कोणती गाय कोणत्या वळूच्या रेताने भरवली, कालवड कुणाची, आजार कोणता होता, सगळं तिथे. ते गेलं तर डॉक्टर अंदाजाने काम करणार, एखाद्या कालवडीला तिच्याच बापाचं रेत दिलं जाणार आणि वासरं अशक्त निघणार. सत्यशीला गोठ्यातच वाढलेली. असं वासरू उभं राहायला धडपडताना तिने पाहिलं होतं, म्हणून त्या डिस्कवर तिचा जीव.

यंदा संघाने नवे सर्व्हर घेतले. बसवायला कंत्राटदाराकडून पुण्याचा नितीन आला. पोरगा हुशार, पण घाई पाचवीला पुजलेली. एकेका मशीनसमोर बसून त्याच्या प्रश्नांना उत्तरं कोण देत बसणार? म्हणून त्याच्याकडे एक तयार फाईल होती. भाषा कोणती, पासवर्ड कोणता, डिस्कचे भाग कसे पाडायचे, सगळी उत्तरं तिच्यात आधीच लिहिलेली. एक बटण दाबलं की नव्या मशीनबरोबर जुन्यावरही नवी सिस्टीम आपोआप बसणार होती.

सत्यशीलाने ती फाईल वाचली आणि तिचं डोकंच फिरलं. डिस्कच्या ठिकाणी सरळ लिहिलं होतं, मशीनमध्ये सापडतील त्या सगळ्या डिस्क पुसा आणि नवीन पार्टिशन पाडा.

"अरे, नव्या कोऱ्या मशीनला हे ठीक आहे. जुन्यात गाईंची डिस्क आहे ना!"

तिने स्वतः बसून फाईल दुरुस्त केली. पहिल्या डिस्कचा नंबर घातला, दुसरीला हात लावू नकोस असं लिहिलं आणि भाग पाडण्याआधी मशीनने थांबून माणसाला विचारावं अशीही सोय केली. नितीन मान डोलावत "हो मॅडम, हो मॅडम" करत राहिला.

मग आला मुहूर्त. पहिला मान जुन्या मशीनचा. त्याला झेंडूचा हार, पुढे नारळ, आणि सर्व्हरच्या बंद खोलीत अख्खा उदबत्तीचा पुडा! सत्यशीलाचा तिथेच अर्धा संताप झाला होता. महिला दूध सोसायटीच्या अध्यक्ष भामाबाईंनी मशीनला ओवाळलं. हनुमंतरावांनी फोटोसाठी मान वळवून बटण दाबलं. टाळ्या पडल्या. स्क्रीनवर ओळी भराभर पळू लागल्या. आता थांबेल, आता विचारेल, म्हणून सत्यशीला बघत होती. मशीन थांबलंच नाही. पहिली डिस्क पुसून त्याने भाग पाडायला सुरुवातसुद्धा केली.

"नितीन, हे विचारत का नाही?"

"ते काढलं मॅडम. साहेब म्हणाले, मुहूर्ताला मशीन अडलं तर बरं दिसत नाही. मग मी माझीच फाईल परत लावली."

पुढचं ऐकायला ती थांबली नाही. हार भिरकावला आणि मागची वायर खसकन उपटली. स्क्रीन काळी पडली.

"हा काय अपशकुन!" हनुमंतराव लालबुंद झाले. "चारचौघांत आमची शोभा करता? माफी मागा सगळ्यांची!"

"मी माफी मागू? दुसऱ्या डिस्कवर तालुक्यातल्या सगळ्या गाईंची माहिती आहे. अजून थोडं चाललं असतं तर तीही पुसली असती. आणि माफी मी मागू?"

भामाबाईंच्या हातातलं ताट कलतं झालं. "म्हंजी आमच्या गाईंचं समदं गेलं आस्तं? आन् आमी हितं टाळ्या वाजवत हुतो व्हय?"

सत्यशीलाने वायर जोडून स्वतःच्या पेन ड्राईव्हवरून मशीन चालू केलं. पहिली डिस्क साफ झाली होती. दुसरी उघडली, आणि गाईंची नावं एकाखाली एक दिसू लागली. तिला रडूच फुटलं. तिने मशीन बंद केलं आणि पदराने डोळे पुसले.

"बघा!" हनुमंतराव सगळ्यांकडे वळून म्हणाले. "काही गेलं का? काहीही गेलं नाही. उगाच तमाशा केला बाईंनी. नितीन, दुसरा नारळ आण."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माहिती गेली असती तर चौकशी तिचीच, आणि वाचवली तर तमाशा! बाईने करायचं तरी काय?

"ठीक आहे साहेब," ती म्हणाली. पेन ड्राईव्ह काढून तिने पर्समध्ये टाकला. "डिस्क जागेवर आहे. फाईलही तीच आहे, नितीनची. या, दाबा बटण. मी आडवी येत नाही."

ती बाजूला झाली. तोंडावर तिने काही दिसू दिलं नाही. सगळी खोली हनुमंतरावांकडे बघू लागली. भामाबाईही बघत होत्या. हनुमंतरावांनी बोट पुढे केलं, मग खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

"नितीन, तू दाब."

नितीनने दोन्ही हात पाठीमागे घेतले.