मागाहून येणारा सूर

"थांबा, समेवर येऊ द्या."

बेल वाजवली की आतून आधी हे वाक्य यायचं. मग पेटी आपलं आवर्तन पूर्ण करायची आणि मगच दार उघडायचं. दूधवाला, गॅसवाला, सगळे इंदिरानगरातल्या त्या तिसऱ्या मजल्यावर निमूट उभे राहायला शिकले होते. कुरिअरवाला म्हणायचा, "इथं एक सही घ्यायला सोळा मात्रा लागतात."

मीही शिकलो. मी घरोघरी टीव्ही आणि स्पीकर बसवून देतो. त्याआधी रेडिओ दुरुस्त करायचो. बोलतो कमी. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक जाणकार समजतात आणि त्याचा फायदा मी आयुष्यभर घेतला. आज जरा जास्त बोलणार आहे.

बाई संगीत शिकवायच्या. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो, पण त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारणारं मी कोणी पाहिलं नाही. नोकरीची पहिली काही वर्षं त्यांनी सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेत काढली. सुट्टीत घरी येताना पेटी जीपच्या टपावर ठेवू द्यायच्या नाहीत, मांडीवर घेऊन बसायच्या. एकदा ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "पेटीचं पण भाडं पडेल हां बाई." बाई म्हणाल्या, "घ्या की. पण मग तिला खिडकीची जागा द्या."

निवृत्तीनंतर दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये भजन असायचं. सात-आठ माणसं, बाईंची पेटी आणि नानांची ढोलकी. नाना मूळचे सायखेड्याचे, मुलाबरोबर शहरात राहायला आलेले. तोंडानं फटकळ, पण ठेक्याला पक्के.

मग बाईंचा डावा खांदा आखडला. भाता मारता येईना. पुण्याच्या लेकीनं एक कीबोर्ड, एक टॅबलेट आणि एक वायरलेस स्पीकर पाठवला. कीबोर्डला स्वतःचा आवाज नव्हता. पट्टी दाबली की टॅबलेटमधली पेटी वाजायची आणि सूर कोपऱ्यातल्या स्पीकरमधून यायचा. भाता नको, वायर नको. हे सगळं जोडून द्यायला मला बोलावलं होतं.

पहिल्याच गुरुवारी, भजनाची माणसं जमलेली असताना, बाईंनी दोन ओळी वाजवल्या आणि हात उचलला.

"अहो, हा मागाहून बोलतो."

"कोण?"

"हा तुमचा डबा. मी बोट ठेवते, मग हा विचार करतो, मग बोलतो."

सगळे हसले. मी हसलो नाही, मला राग आला. आपण बसवलेल्या वस्तूला कोणी चारचौघांत नावं ठेवली की आमच्या धंद्यातल्या माणसाचं डोकं आधी बंद पडतं. मी टॅबलेटवर एका कीर्तनकार महाराजांचा व्हिडिओ लावला. ओठ आणि शब्द तंतोतंत जुळत होते.

"बघा," मी म्हणालो. "स्पीकर मागे राहत असता तर ओठ आधी हलले असते, आवाज नंतर आला असता."

बाईंनी नीट पाहिलं. "खरंय," म्हणाल्या. "मग माझं काय होतंय?"

"सवय नाही ना अजून. आणि बाई, वयानं हात जरा..."

वाक्य मी अर्धंच सोडलं. पण बाईंनी मनात ते पूर्ण केलं असणार. त्यांनी आपली बोटं उलटसुलट करून पाहिली, एखादी वस्तू विकत घेताना पाहावी तशी.

त्यानंतरचे गुरुवार मी नानांच्या तोंडून ऐकले. नानांच्या टीव्हीचं कामही माझ्याकडेच होतं. "बाई लय मागं ऱ्हाती आता," ते सांगायचे. "मी म्हनलं, बाई, वरात निघून गेली अन् तुम्ही अजून चपला शोधताय. हसली, पन मनापासून नाय."

एकदा बाईंकडे रिमोट बघायला गेलो होतो. चहा देताना त्या सहज म्हणाल्याचं दाखवत म्हणाल्या, "आमच्या अक्काचं असंच सुरू झालं होतं. आधी ब्लाउजची हुकं लावायला वेळ लागायला लागला. मग कंपवात."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं. काही नाही म्हणतात. बोटं नाचवून दाखवायला सांगितली. त्यांना काय, बोटं हलली की झालं! तालात हलतात का, ते कुठे बघतात ते?"

मी मान हलवली आणि चहा संपवला.

थोड्याच दिवसांनी गंगापूर रोडच्या एका डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. दातांच्या डॉक्टर, फावल्या वेळात टीव्हीवर गेम खेळायच्या. स्पीकर अगदी तोच. त्यांची तक्रार अशी, की बटण दाबल्यावर गोळी लगेच सुटते आणि आवाज मागून येतो. मी सवयीनं व्हिडिओ लावून दाखवला. त्या म्हणाल्या, "व्हिडिओचं सोडा हो. ते ॲप चित्रालाच आवाजासाठी थांबवून ठेवतं. गेममध्ये कोण थांबवणार?"

म्हणजे बाईंचा डबा खरंच मागाहून बोलत होता. मी कंपनीला फोन लावला. बऱ्याच खटपटीनंतर एका इंजिनिअरनं सांगितलं, की आवाज लवकर पोचवणारा एक मोड आत आहे, पण पुस्तिकेत छापलेला नाही. त्यात आवाजाची जाडी कमी होते आणि स्पीकर लांब असला की त्याचा संपर्क तुटतो, मग लोक तक्रारी करतात, म्हणून लपवलेला. चालू-बंदचं आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबून धरायचं, निळा दिवा पांढरा होईपर्यंत. मी दाबलं. दिवा पांढरा झाला. डॉक्टरीणबाईंनी गोळी झाडली आणि आवाज जागच्या जागी आला. इंजिनिअर पुढे आणखी काही सांगत होता, पण मी "झालं, झालं" म्हणून फोन ठेवला.

तिथून बाईंचं घर वीस मिनिटांवर. मी गेलो नाही. चूक कबूल केली तर लोक कामाला बोलावणार नाहीत, असं स्वतःला सांगितलं. ते कारण अर्धंच होतं. नानांसमोर, त्या हॉलमध्ये, "बाई, तुमचे हात ठीक होते, मी गाढव होतो," हे मला म्हणायचं नव्हतं. पुढचा गुरुवार दिंडोरीच्या एका वायनरीत स्पीकर टांगण्यात गेला. तेवढं निमित्त पुरलं.

शेवटी गेलो, तेही चोरासारखा. भजन सुरू व्हायच्या जरा आधी. "धूळ पुसून देतो," म्हणालो आणि सगळ्यांकडे पाठ करून ती दोन बटणं दाबून धरली.

बाई वाजवायला बसल्या. मागे राहायला नको म्हणून त्या एवढ्या दिवसांत आधीच बोट टाकायला शिकल्या होत्या, त्यामुळे सुरुवातीला ढोलकीच्या पुढे धावल्या. थबकल्या. स्पीकरकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं. पुन्हा सुरू केलं. तिसऱ्या आवर्तनाला त्या नानांच्या थापेवर अशा येऊन बसल्या की नाना ओरडलेच, "आता कशी! बाई परत आली रे!"

भजन संपल्यावर बाई माझ्याजवळ आल्या. डोळे भरलेले. "बघितलंत? हात परत आले माझे."

तुम्ही तिथे असता तर तुम्हाला वाटलं असतं, आता हा माणूस सांगेल. मलाही तसंच वाटलं होतं. मी म्हणालो, "सरावाचा गुण, बाई."

त्यांनी मला लाडू दिला. मी तो खाल्ला.

बाईंची शिस्त अशी, की काम झालं की प्रत्येक वस्तू भिंतीच्या बटणावरून बंद. आणि इंजिनिअर जे पुढे सांगत होता ते हे, की स्पीकर बंद केला की तो मोड जातो, दर वेळी नव्यानं लावावा लागतो. मला ते आठवड्यानं, त्याच डॉक्टरीणबाईंकडून कळलं. तोवर पुढचा गुरुवार होऊन गेला होता.

त्या गुरुवारचं नानांनी सांगितलं. "चार ओळी वाजवल्या अन् थांबली. म्हनली, नाना, गेले. एक दिवस आले व्हते, गेले. अक्काचं बी असंच, एक दिवस बरा, एक दिवस वाईट." त्या दिवशी नानांनी एकही टोमणा मारला नव्हता.

मी तेव्हा तरी धावत जायला हवं होतं. पण आता सांगायचं तर एक नाही, दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या. दुसरी पहिलीपेक्षा वाईट होती. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता महिना गेला. मग नानांकडूनच कळलं, की लेकीनं बाईंना पुण्याला नेलं. एकटं राहायचा धीर होत नव्हता म्हणे. गॅस पेटवायला भ्यायच्या.

बाईंचा फोन नंबर माझ्याकडे होता. तीन वर्षं होता.

गेल्या महिन्यात बाई गेल्या. झोपेत, हृदय बंद पडून. लेक फ्लॅट रिकामा करायला आली आणि टीव्ही काढायला तिनं मला बोलावलं. बरोबर तिची अडीच वर्षांची मुलगी होती, गादीच्या गुंडाळीवर झोपलेली. मी विचारलं, "बाईंचे हात शेवटी कसे होते?"

"चांगले होते हो काका. कधी थरथरले नाहीत. पण तिला कोण पटवणार?" तिनं मुलीकडे पाहिलं. "हिला तिनं कधी उचलून घेतलं नाही. शेजारी बसून गाणी म्हणायची, पाय दाबायची. उचल म्हटलं की हात मागे घ्यायची. म्हणायची, माझ्या हातून पडेल ती."

मग मी सांगितलं. महाराजांचा व्हिडिओ, दोन बटणं, पांढरा दिवा, लाडू, सगळं. माझं संपल्यावर तिनं झोपलेल्या मुलीला उचलून खांद्यावर घेतलं आणि जिना उतरू लागली. मी बॅगा घेऊन मागे. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली, मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि मागे न बघता म्हणाली, "एक फोन करायचा होतात, काका."

मुलगी झोपेतच तिच्या गळ्याला धरून होती.