कौल मिळाला नाही त्या दुपारी

मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं पत्र मी चार दिवस तांदळाच्या डब्याखाली लपवून ठेवलं होतं. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. अर्ज मीच केला होता, मुलाखतीलाही मीच गेले होते, आणि तरी पत्र हातात पडल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते असं, की त्यांनी नाही म्हटलं असतं तर सुटले असते. हे तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही. आज लिहितानाही जरा लाजच वाटते.

लालबागच्या चाळीत आम्ही तिघी राहत होतो, सासूबाई, माझी नऊ वर्षांची सुमन आणि मी. दादरच्या एका मुलींच्या शाळेत मी शास्त्र शिकवत असे. लग्नाआधी इंटर सायन्स चांगल्या गुणांनी पास झाले होते, पण पुढचं शिक्षण राहून गेलं. त्याच्या सहा वर्षं आधी आमचे हे मूत्रपिंडाच्या दुखण्यानं परळच्या हॉस्पिटलात वारले. सतरा दिवस मी त्यांच्या खाटेशी बसून होते. डॉक्टर येत, आपापसांत इंग्रजीत बोलत, कागदावर काही लिहून पुढच्या खाटेकडे जात. मला इंग्रजी कळत होतं, शास्त्रही कळत होतं, पण तोंड उघडून एक प्रश्न विचारायचं धैर्य झालं नाही. ते गेल्यावर तो न विचारलेला प्रश्न मनात सलत राहिला. वर्गात फळ्यावर मूत्रपिंडाची आकृती काढताना खडू थांबायचा. अखेर आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनीच एक दिवस अर्ज आणून पुढ्यात ठेवला. म्हणाल्या, "मुलींना शिकवता ते पुरेसं वाटत नसेल, तर स्वतः शिका."

वय झालं, मूल लहान, पाच-सहा वर्षांचा अभ्यास, या अडचणी सगळ्यांना दिसत होत्या. खरी अडचण कुणाला ठाऊक नव्हती. ते गेल्यापासून मी हॉस्पिटलची पायरी चढले नव्हते. कुणाला भेटायला जायचं झालं तर डोकं दुखण्याचं निमित्त सांगायची. परळला त्या फाटकासमोरून जाताना फिनेलचा वास आला की हातापायांना कापरं सुटायचं, म्हणून मी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथनं चालायची. अशी बाई डॉक्टर होणार कशी? ज्याचा वास सोसत नाही, त्या घरात आयुष्य काढायचं कसं?

पाचव्या दिवशी सासूबाईंना पत्र सापडलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "चेडवाक, सुमनक, मी बघतंय. पण देवीक इचारल्याशिवाय पाऊल टाकू नको गो." आमच्या कोकणातल्या गावच्या देवीचं एक लहानसं देऊळ परळच्या एका गल्लीत होतं. गावचेच गुरव तिथे पूजा करत आणि कौल लावत. देवीच्या मूर्तीला उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी शास्त्र शिकवणारी, पाकळी का चिकटते नि का पडते हे मला सांगता आलं असतं. तरी मी मुकाट्यानं गेले, कारण डावा कौल पडेल अशी मला आशा होती. माझी भीती मला उघडी करायची नव्हती. देवीनं ती झाकावी असं वाटत होतं.

कौल लावायला गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी कॉलेजात जाऊन सही करायची शेवटची मुदत होती. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते, त्या दुपारीही मोर्चा निघणार होता, म्हणून आम्ही सकाळीच देवळात जाऊन बसलो. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, पाकळ्या लावल्या. तास गेला, दोन तास गेले. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. मी एकटक डावीकडे बघत होते. शेवटी गुरव हळू आवाजात म्हणाले, "आज देवी गप्प आसा. उद्या येवा." उद्या येऊन काय उपयोग होता? सासूबाई हात जोडून उठल्या. मला वाटलं, देवीआईनंही पाठ फिरवली.

गल्लीच्या तोंडाशी आलो आणि समोरून माणसं धावत येताना दिसली. मागे पोलिसांनी अश्रुधूर सोडला होता. डोळे भाजल्यासारखे झाले. सासूबाईंना दम्याचा जुना त्रास होता. त्या भिंतीला टेकल्या आणि त्यांचा श्वास अडकला. ओठ काळपट व्हायला लागले. मी त्यांना पायरीवर आडवं करू लागले, तेवढ्यात मागून कुणीतरी माझा हात धरला.

"आडवं नका करू. बसवा त्यांना, पुढं वाकवून."

साधारण पन्नाशीची, काळीसावळी, निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसलेली बाई होती. तिनं सासूबाईंना बसवलं, चोळीची गाठ सैल केली, पदराचं टोक नळावर भिजवून त्यांच्या नाकातोंडावर धरलं. भोवती जमलेल्यांना मागे सारलं. मी नुसती बघत उभी होते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कामच दिलं. "मनगट धरा. श्वास मोजा. मोठ्यानं मोजा, आजींना ऐकू येऊ दे."

मी मोजायला लागले. रस्ता बंद, टॅक्सी नाही, ट्राम नाही. तिनं एका हातगाडीवाल्याला थांबवलं, सासूबाईंना गाडीवर बसवलं, पाठीला स्वतःचा खांदा दिला आणि गाडी निघाली. मी बाजूनं चालत होते, मनगट धरून, आकडे म्हणत. गाडी कुठे वळली, कुठून आत शिरली, मला कळलं नाही. कुणी इंजेक्शन दिलं, कुणी प्राणवायूची नळी लावली. बऱ्याच वेळानं सासूबाईंचे ओठ निवळले, आणि मी मान वर करून पाहिलं. त्याच हॉस्पिटलातला वॉर्ड होता. तोच वास होता. माझे हात सासूबाईंच्या मनगटावर होते आणि ते कापत नव्हते.

त्या बाईचं नाव शेवंताबाई. त्या तिथेच आया होत्या, जवळच्याच चाळीत राहत होत्या आणि दुपारपाळीला निघाल्या होत्या. सासूबाईंनी त्यांच्या हातून पाणी मागून घेतलं. जन्मभर ज्यांनी शिवाशीव पाळली, त्या माझ्या सासूबाई ते पाणी घोट घोट प्यायल्या. मग म्हणाल्या, "तुका देवीनच धाडल्यान गो."

शेवंताबाई हसल्या. "मला कुणी नाही धाडलं, आजी. ड्यूटीवर चालले होते. आणि आम्ही आता बुद्धाचे झालो, आमच्यात कौल नसतो." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही मोजताना चुकला नाहीत. घाबरलेली माणसं चुकतात."

मी त्यांना सगळं सांगून टाकलं. पत्र, भीती, पलीकडचा फुटपाथ. त्या ऐकत होत्या. म्हणाल्या, "माझे मालक पण इथंच गेले. पलीकडच्या पुरुषांच्या वॉर्डात. दुसऱ्या महिन्यात मला इथंच काम मिळालं. रडतच झाडायची पहिल्यांदा. पण फरशी तेवढीच स्वच्छ व्हायची." एवढं बोलून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात जाऊन सही केली. सासूबाई अजून हॉस्पिटलातच होत्या. त्यांनी पुन्हा कौल लावायचं नाव काढलं नाही.

त्या दुपारी नेमकं काय घडलं, याचा निवाडा मी कधी केला नाही. सासूबाईंसाठी ती देवी होती. शेवंताबाईंच्या लेखी ती नेहमीची पाळी होती. दोघींपैकी कुणालाही खोटं ठरवावं असं मला वाटत नाही. मला एवढंच उमगलं की शरण जाणं म्हणजे उत्तराची वाट बघत बसणं नव्हे. मी देवापुढे होकार-नकार मागत होते, आणि माझ्या हातात एक मनगट ठेवलं गेलं. ते मी सोडलं नाही, यात माझं कर्तृत्व फारसं नाही. सोडायला सवड मिळाली नाही, ही कृपा.

पुढची वर्षं सोपी गेली नाहीत. वर्गातल्या मुली मला पहिल्या दिवशी कुणाची तरी आई समजल्या. शवविच्छेदनाच्या दालनात मी दोनदा बाहेर येऊन कठड्याला धरून उभी राहिले आणि दोनदा परत आत गेले. आज इतकी वर्षं डॉक्टरकी करूनही सकाळी वॉर्डच्या दारात छातीत किंचित धडधडतं. पूर्वी ते जावं म्हणून मी प्रार्थना करीत असे. आता करीत नाही. पहिल्या खाटेपाशी जाते, बसते, आणि रोग्याला विचारते, "तुम्हाला काही विचारायचंय का?"