काका, या वेळी हलू नका

दोन सिनेमे आपटल्यावर मी मालिकांकडे वळलो, आणि मुंबईत शूटिंग परवडेना म्हणून निफाडजवळच्या मळ्यातलं एक घर वर्षभरासाठी घेतलं. दिग्दर्शक मीच, निर्माताही मीच, त्यामुळे ओरडणारा आणि ओरडा खाणारा एकच माणूस. घरमालक काका-काकू मागच्या दोन खोल्यांत राहायचे. काकांना शूटिंगचं भारी वेड. मालिकेतल्या आजोबांना मारायची वेळ आली तेव्हा आमचे ज्येष्ठ नट तिरडीवर झोपायला तयार होईनात. अपशकुन म्हणे. मी जाम चिडलो. काका म्हणाले, “त्यात काय, मी झोपतो की. तोंडावर फुलं टाका, कोण वळखतंय?”

अख्खं गाव बघायला लोटलं. ऐन रडारडीत झेंडूची पाकळी नाकात गेली की काय, काका शिंकले. तिरडी हलली, रडणाऱ्या बायका पदरात तोंड लपवून हसल्या, आणि तो व्हिडिओ गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कितीतरी दिवस फिरत राहिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी युनिट घेऊन पोचलो, तर काका झोपेतच गेलेले. डॉक्टर येऊन बघून गेले होते, मुलगी बंगलोरहून निघाली होती. मी सुन्न होऊन अंगणात उभा राहिलो. आदल्या संध्याकाळी याच माणसाने माझ्या गाडीत द्राक्षांची पेटी ठेवली होती.

काकू एवढंच म्हणाल्या, “गावात कळवा साहेब. चार माणसांत नीट जाऊ द्या त्यांना.”

गावच्या ग्रुपवर मलाही घेतलेलं होतं. मी लिहिलं, काका गेले. पहिलं उत्तर आलं, ‘काका, या वेळी हलू नका.’ मागोमाग हसणारे चेहरे. मी फोन लावले, तर लोक विचारायला लागले, हिरोईन आली का? रस्त्यावर आमची जनरेटरची गाडी उभी होती. येणारे-जाणारे कुंपणाशी थांबायचे, मोबाइल वर धरायचे. आत कुणी येईना.

शेवटी मी स्वतः गावातल्या चहाच्या टपरीवर गेलो. बाकांवर ओळखीची माणसं बसली होती. “अहो, खरंच गेले काका,” सांगताना मला रडू फुटलं. एक जण कौतुकाने म्हणाला, “साहेब, तुम्ही बी लय भारी करता की.”

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. लोकांना आपलं खरं वाटावं म्हणून इतकी वर्षं जिवाचं रान केलं, आणि आज खरं सांगत होतो, तर त्यांना तो अभिनय वाटला.

तेवढ्यात सगळे माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागले. वळून पाहिलं, तर मागे काकू उभ्या. घरात मयत असताना ही बाई अनवाणी, उन्हातून चालत आली होती. वर्षभरात त्या एकदाही कॅमेऱ्यासमोर आल्या नव्हत्या, आणि ते गावाला माहीत होतं. बाकांवरची माणसं उठून उभी राहिली. मघाच्या त्या माणसाने मान खाली घातली.

काकू त्यांना म्हणाल्या, “चला रे. घरी सगळी शूटिंगची माणसं हायेत. ह्यांच्यापाशी आपलं कुणीच नाय.”

वर्षभर मी त्यांच्या हातची भाकरी खात होतो. त्या हे बोलल्या तेव्हा मी त्यांच्या शेजारीच उभा होतो.