गुडबायचा अर्थ

मुलं बोलायला लागली की घरात किस्से साठतात म्हणे. आमच्याकडे साठले ते ओवी बोलेना म्हणून!

घरी पोपट, शाळेत मात्र मुकी. "एक शब्द बोलत नाही हो," टीचर म्हणाल्या आणि माझी झोप उडाली. इंग्लिश मीडियमचा हट्ट माझा. माझंच इंग्लिश 'आय मीन'च्या पुढे जात नाही! मग ठरवलं, मोबाईलवर एकेका शब्दाचं मूळ शोधायचं आणि ओवीला गोष्ट करून सांगायची. म्हणजे भीती जाईल. तिची. आणि जमलं तर माझीही.

*

नवरा मांडव्याच्या जेट्टीवर कॅटामरान बोटीची तिकिटं देतो. सराव म्हणून आधी त्याला म्हटलं, "कॅटामरान मूळचा तमिळ शब्द. अर्थ, बांधलेली लाकडं."

"हळू बोल," तो म्हणाला, "पॅसेंजर परत जातील!"

*

सासूबाई पोहे खात होत्या. "आई, ब्रेकफास्ट म्हणजे उपास सोडणं. रात्रभर आपण काही खात नाही ना, तो उपास."

त्यांचा घास थांबला. "म्हंजे झोपेत उपास घडतो? मंग त्याचं पुण्य मिळतं का न्हाय, ते बघ त्या मोबाईलमधी!"

*

उत्साहात मी इंग्लिश सोडून भलतीकडेच घसरले. पाववाल्या काकांना सांगितलं, "काका, पाव पोर्तुगीज आहे."

काका दुखावले. "कोन बोल्ला? आपल्या चोंढीच्या बेकरीचा हाय, सकालचा!"

*

या सगळ्यांनी माझी शिकवणी झेलली. वेडी म्हणाले, पण हातात चहा देऊन म्हणाले. एवढं कुणाला मिळतं?

*

विंडो म्हणजे मुळात 'वाऱ्याचा डोळा'. हे ओवीला फारच आवडलं. दुपारी बघते तर उकाड्यात सगळ्या खिडक्या बंद.

"शू! वारा झोपलाय."

*

तरी शाळेत तोंड बंदच. परवा गेटवर तिनं माझी ओढणी मुठीत धरली, सोडेचना. टीचर हात पुढे करून उभ्या, मागे रिक्षांचे हॉर्न, आणि माझ्याच डोळ्यांत पाणी. सुचलं ते सांगून टाकलं, "ओवी, गुडबाय म्हणजे काय माहितीये? 'देव तुझ्याबरोबर असो.' मी बाय म्हटलं ना, की देव तुझ्याबरोबर वर्गात येतो."

तिनं विचार केला. ओढणी सोडली. टीचरचा हात धरून चार पावलं गेली, थांबली, वळली आणि सगळ्या गेटला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मग तुझ्याबरोबर कोण?"